आधी यादी, मग बंपर

परदेशातून कंपनीचं बॉडी किट मागवून आपल्या गाडीला लावायचं मनात असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचून घ्या. लावू नका, असं मी म्हणणार नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या गाडीसाठी काढलेला बंपर, साइड स्कर्ट किंवा स्पॉयलर हा बाजारातल्या फायबरच्या मालापेक्षा उजवाच असतो. धक्का लागला तर तडकण्याआधी वाकतो, रंग धरतो आणि नीट बसतो. फक्त 'नीट बसतो' याला एक अट आहे: ज्या गाडीसाठी काढला, त्या गाडीला. आपली गाडी तीच आहे का, हे बंपर बुक करून झाल्यावर विचारणारेच जास्त भेटतात.

स्विफ्टचं उदाहरण घ्या. 2018 साली आपल्याकडे आलेल्या स्विफ्टला जपानच्या स्विफ्ट स्पोर्टचा चेहरा लावायची हौस पुष्कळांना आहे. स्पोर्ट जपानमध्ये सप्टेंबर 2017 मध्ये विक्रीला आली, भारतात कधीच आली नाही. हा मेळ त्यातल्या त्यात जमण्यासारखा आहे, कारण दोन्ही गाड्यांची रुंदी 1735 मिलिमीटर आहे. पण जपानमधली साधी स्विफ्ट 1695 मिलिमीटर आहे. तिकडे छोट्या गाडीच्या वर्गात बसायचं तर रुंदी 1700 च्या आत लागते, म्हणून कंपनीने घरच्या बाजारासाठी तीच गाडी 40 मिलिमीटरने बारीक ठेवली. फोटोत दोन्ही जुळ्या बहिणी दिसतात. त्या बारीक गाडीच्या 'आरएस' आवृत्तीचा बंपर कोणी स्वस्तात देऊ केला आणि तुम्ही उचललात, तर इथे तो दोन्ही फेंडरांपासून बोट-बोटभर आत राहणार. डेंटर म्हणेल, "ओढून बसवतो साहेब." ओढून बसवलेला बंपर पहिल्या उन्हाळ्यात क्लिपा सोडून बाहेर येतो.

स्पोर्टचाच बंपर घेतलात तरी प्रश्न मिटत नाहीत. स्पोर्टची लांबी 3890 मिलिमीटर, आपल्या स्विफ्टची 3840. म्हणजे गाडीचं नाक आणि शेपूट मिळून 50 मिलिमीटर वाढणार. स्पोर्टच्या मागच्या बंपरला दोन्ही कडांना सायलेन्सरची तोंडं आहेत आणि आपल्या गाडीला एकच पाइप. मग ती दोन भोकं रिकामी ठेवायची, नकली टिपा लावायच्या की सायलेन्सरची सगळी लाइन बदलायची, हे मागवण्याआधी ठरवायचं असतं. नकली टिपांबद्दल माझं मत विचाराल, तर रिकामी भोकं बरी.

पोलोवाल्यांचंही असंच. आपल्याकडची पोलो 2010 पासून 2022 पर्यंत चाकणच्या कारखान्यातून निघाली. तिची जीटीआय ही जोरकस आवृत्ती 2016 मध्ये जेमतेम 99 गाड्यांपुरती आली, तीही तीन दारांची. त्यामुळे जीटीआयचा बंपर हवा तर इंग्लंड नाहीतर जर्मनी गाठायची. बंपर कुठूनही आणा, पण किटबरोबर हेडलाइट घेणार असाल तर देश बघा. आपण, इंग्लंड, जपान आणि थायलंड रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. जर्मनी, फ्रान्स, अमेरिका उजव्या बाजूने. तिकडच्या हेडलाइटचा झोत उजवीकडे वर उचललेला असतो, म्हणजे आपल्या रस्त्यावर थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. तो स्क्रू फिरवून खाली करता येतो, पण झोताचा आकार काही बदलत नाही.

आता यादी. बंपर ही एक वस्तू नाही. आपण बंपर म्हणतो ते नुसतं वरचं कातडं. त्यामागे फोम असतो, फोममागे लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा आडवा बार. कडेला फेंडरला धरणारे ब्रॅकेट, वर ग्रिल, खाली जाळी, फॉग लॅम्पची कडी, टो हुकचं झाकण, लिप म्हणजे बंपरच्या तळाची पुढे आलेली पट्टी, इंजिनाखालचा ट्रे, आणि या सगळ्याला जागेवर धरणाऱ्या पंचवीस-तीस क्लिपा. विकणाऱ्याच्या फोटोत यातलं अर्धं दिसतं आणि खोक्यात अर्ध्याहून कमी येतं. राहिलेलं एकेक करून परदेशातून मागवायला बसलात, तर टो हुकच्या झाकणाचं कुरिअर झाकणाच्या कितीतरी पट पडतं. म्हणून कंपनीच्या पार्ट्स कॅटलॉगमधला त्या गाडीच्या बंपरचा सुटे भाग दाखवणारा नकाशा आधी मिळवा आणि त्यातल्या प्रत्येक नंबरापुढे तीनपैकी एक खूण करा: माझ्या गाडीवर आहे, इथे मिळतं, मागवावं लागेल. नकाशा ऑनलाइन सापडतो. नाहीच सापडला, तर सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवरचा माणूस तुमच्या गाडीचा तरी काढून देतो, आणि दोन्ही शेजारी ठेवले की फरक कुठे आहे ते कळतं.

नंबर वाचायला शिकणं अवघड नाही. सुझुकीत पुढच्या बंपरचा नंबर 71711 ने सुरू होतो, मागच्याचा 71811 ने. मधला भाग मॉडेल सांगतो आणि शेवटचे तीन आकडे रंग. फोक्सवॅगनमध्ये पहिली तीन अक्षरं मॉडेलची, मग बंपरच्या गटाचा 807, मग पुढच्या आवरणाला 217 आणि मागच्याला 421. शेवटी जीआरयू असेल तर माल प्रायमर मारलेला आहे, रंग तुम्हाला द्यायचाय. मधे एखादं इंग्रजी अक्षर येतं आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात. त्या एका अक्षराने सेन्सरची भोकं असलेला आणि नसलेला, वॉशरचं झाकण असलेला आणि नसलेला, असे वेगवेगळे बंपर ठरतात. विकणाऱ्याला सांगा, आतल्या बाजूचा फोटो पाठव. खऱ्या बंपरच्या पोटात कंपनीचं चिन्ह, पार्ट नंबर आणि प्लास्टिकची जात साच्यातूनच उमटलेली असते. 'पीपी' आणि त्यापुढे 'ईपीडीएम' अशी अक्षरं दिसली, तर ते बंपरचं नेहमीचं लवचिक प्लास्टिक. स्टिकरवर विश्वास ठेवू नका. स्टिकर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरही छापून मिळतो आणि दिल्लीच्या करोल बागेतही. आतला फोटो पाठवायला टाळाटाळ झाली, तर समजून जा.

'ओईएम क्वालिटी' लिहिलेला माल कंपनीचा नसतो. तो वाईटच असतो असंही नाही. तैवानमधून येणाऱ्या काही कॉप्या बऱ्या बसतात. पण कंपनीच्या मालाची किंमत देऊन कॉपी घेऊ नका, एवढंच.

आता भाडं. इथे भलेभले गार पडतात. बंपर वजनाला पाच-सहा किलो असतो, पण कुरिअर कंपनी वजन बघत नाही, खोकं बघते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं, हा तिचा नेहमीचा हिशोब. 180 बाय 60 बाय 50 चं खोकं धरा. गुणाकार 5,40,000, भागिले 5000, आले 108. म्हणजे पाच किलोच्या प्लास्टिकला 108 किलोचं भाडं. म्हणून पूर्ण बंपर हवाई कुरिअरने आणायच्या भानगडीत पडू नका. लिप, ग्रिल, ब्रॅकेट, क्लिपा हवाईमार्गे. बंपर आणि स्कर्ट समुद्रमार्गे. तेच खोकं जहाजावर अर्ध्या घनमीटरच्या थोडं वर भरतं आणि भाडं घनमीटरवर लागतं. वेळ जास्त जातो, न्हावा शेवा बंदरात उतरल्यावर कस्टम एजंट लागतो, गोदामाचं भाडं दिवसागणिक चढत जातं. तरी हिशोब बहुधा जहाजाच्या बाजूने लागतो. मित्रामित्रांनी मिळून एकाच क्रेटमध्ये दोन-तीन किटं मागवली, तर आणखी बरं. विकणाऱ्याला एक गोष्ट लिहून कळवा: बंपर घडी घालून किंवा वाकवून बांधायचा नाही. खोकं लहान करण्यासाठी बंपरची टोकं आत दाबून दोरीने बांधणारे पॅकर आहेत. महिनाभर कंटेनरच्या उकाड्यात तसाच राहिलेला बंपर पूर्ववत उघडत नाही.

कस्टम ड्युटी वस्तूच्या किमतीवर लागते असं अनेकांना वाटतं. ती किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. समजा बंपर 30,000 रुपयांचा आणि भाडं विम्यासकट 30,000. आकारणी 60,000 वर. मूळ ड्युटी 15 टक्के धरली तर 9,000. त्या ड्युटीवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 900. आता झाले 69,900, आणि या सगळ्यावर आयजीएसटी. तो 18 टक्के धरला तर 12,582. म्हणजे 30,000 चा बंपर दारात येईपर्यंत 82,482 रुपये, एजंटची फी आणि बंदराचे चार्जेस वेगळे. दर बदलतात, म्हणून पैसे पाठवण्याआधी एजंटकडून त्या दिवशीचे दर घ्या आणि हीच बेरीज स्वतः मांडून बघा. स्वतःच्या वापरासाठी आणत असाल तर आयात-निर्यात कोड लागत नाही, पण केवायसीची कागदपत्रं लागतात. आणि विकणारा म्हणाला, "बिल कमी दाखवतो, गिफ्ट लिहितो," तर नको म्हणा. कस्टमने पकडलं तर माल जप्त होतो आणि वर दंड. नाही पकडलं आणि वाटेत बंपर फुटला, तर विमा मिळणार त्या खोट्या बिलाएवढाच.

वापरलेल्या मालाबद्दल स्पष्टच सांगतो. जपानच्या लिलावांत आणि जुन्या पार्ट्सच्या दुकानांत वापरलेले बंपर इतके स्वस्त दिसतात की हात शिवशिवतात. पण आपल्या आयात धोरणात वापरलेला माल, यंत्रसामग्री वगळता, 'प्रतिबंधित' वर्गात आहे; तो आणायला विदेश व्यापार महासंचालनालयाचा (डीजीएफटी) परवाना लागतो. एका बंपरसाठी तो मिळवायच्या मागे कोणी लागत नाही, आणि मग माल 'नवा' म्हणून दाखवला जातो. ओरखडे पडलेला, क्लिपांची भोकं घासलेला बंपर नवा म्हणून दाखवणं म्हणजे तपासणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर पैसे लावणं. नवाच घ्या. नवा मिळत नसेल आणि कंपनीने बंद केला असेल, तर दुसरं काही पसंत करा. मॉडेल बंद झाल्यावर आधी अशा खास गाड्यांचेच पार्ट बंद होतात, हेही लक्षात असू द्या. उद्या तुमचा बंपर फुटला तर दुसरा कुठून आणणार?

माल आला. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, यादीशी ताडून घ्या आणि लगेच रंगाला देऊ नका. आधी कोरा बंपर गाडीवर चढवून बघायचा. चांगला डेंटर हे स्वतःहूनच करतो. बार, फोम, ब्रॅकेट सगळं लावून, सगळ्या क्लिपा बसवून, बॉनेट बंद करून गाडीभोवती फिरा. हेडलाइट आणि बंपर यांच्यातली फट डावीकडे तीन मिलिमीटर आणि उजवीकडे सात असेल, तर दोष बंपरचा असेलच असं नाही. पुष्कळदा तुमच्याच गाडीचा फेंडर किंवा ब्रॅकेट मागे कधीतरी ठोकर खाऊन सरकलेला असतो आणि जुना बंपर त्याला सवयीने जुळवून घेत असतो. आधी ब्रॅकेट सरळ करायचा. बंपरची कड घासून फट जुळवायला निघालेल्याला थांबवा. घासलेलं परत येत नाही. फोम आणि बार बसत नाही म्हणून ते काढून टाकू असं कोणी सुचवलं, तर गाडी घेऊन घरी या. टक्कर झाली की पहिला धक्का तेच झेलतात.

मागच्या बंपरचा एक खास मुद्दा. 1 जुलै 2019 पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. परदेशातून आलेल्या बंपरला सेन्सरची भोकं असतीलच असं नाही. ती पाडायची तर जुना बंपर शेजारी ठेवून जमिनीपासूनची उंची आणि सेन्सरचा कोन मोजून, योग्य व्यासाच्या कटरने, आतून सेन्सरचे होल्डर चिकटवून पाडायची. साध्या ड्रिलने डोळ्याच्या अंदाजावर पाडलेल्या भोकातला सेन्सर एकतर रस्ता बघतो नाहीतर आकाश. नव्या गाडीत पुढे रडार असेल तर त्याच्यासमोर पुट्टी आणि रंगाचे जाड थर अजिबात नकोत.

नंबर प्लेटचाही विचार करा. जपानची प्लेट 330 बाय 165 मिलिमीटर, आपली 500 बाय 120. जपानी बंपरवर प्लेटसाठी जी सपाट जागा असते तिथे आपली लांबट प्लेट दोन्ही बाजूंनी बाहेर येते. शिवाय आपली एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, पुढच्या बंपरवरच बसवलेली असते आणि तिचं स्नॅप लॉक एकदा तोडलं की पुन्हा वापरता येत नाही. बंपर बदलायचा दिवस ठरवतानाच अधिकृत ठिकाणी नवं लॉक बसवून घ्यायची सोय बघा. साध्या स्क्रूने लावलेली एचएसआरपी पोलिसांना लांबून ओळखू येते.

साइड स्कर्ट आणि स्पॉयलर यांच्यासाठी पत्र्याला भोकं पडतात आणि तिथे कोकणातल्या, मुंबईतल्या लोकांनी जास्त सावध राहायला हवं. भोक पाडल्यावर कडेचा उघडा पत्रा प्रायमरने भिजवल्याशिवाय स्क्रू घालू देऊ नका. दोन पावसाळ्यांत तिथून गंज पसरतो आणि स्कर्ट वरून झाकून ठेवतो. दारांखालच्या पट्टीला तळाशी पाणी निघायची बारीक भोकं असतात. स्कर्टने किंवा सीलंटने ती बुजली तर पाणी आतच साठतं. जॅक लावायची जागाही उघडी राहिली पाहिजे. नाहीतर एक्सप्रेसवेवर टायर पंक्चर होईल तेव्हा कळेल.

रंगाबद्दल फार सांगत नाही, दोन गोष्टी विचारा. प्लास्टिक प्रायमर मारणार का, आणि शेड नुसत्या कोडवरून मिसळणार की माझ्या फेंडरशी जुळवून? कंपनीचा प्रायमर असला तरी जिथे घासून प्लास्टिक उघडं पडलंय, तिथे प्लास्टिक प्रायमर लागतोच. त्याशिवाय मारलेला रंग प्रेशरच्या पाण्याने पापुद्र्यासारखा निघतो. पर्ल पांढरा असेल तर चांगल्या बूथवाल्याकडेच जा.

खाली किती घासणार, हे आधी कळायचा सोपा मार्ग आहे. नव्या लिपची पुढची कड चाकापासून किती पुढे आणि जमिनीपासून किती वर येईल ते काढा. त्या जागी जाड पुठ्ठा टेपने जुन्या बंपरला लावा आणि रोजच्या रस्त्यावरून, सोसायटीच्या रॅम्पवरून गाडी फिरवा. कागदावर आपल्या रस्त्यांचा स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. गल्लीतला कसा असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. जपानी स्पोर्टची जमिनीपासूनची उंची 120 मिलिमीटर, आपल्या स्विफ्टची 163. तेव्हा आपलं सस्पेन्शन आहे तसं ठेवलंत तर निभावतं. स्पोर्टसारखी दिसावी म्हणून गाडी खालीही करणार असाल, तर लिपचा एक जादा सेट बरोबरच मागवा.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणी पुस्तकातल्या, कंपनीने दिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल करता येत नाही. 2019 च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ प्रमाणे नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा बंपर लावल्याने नोंदणी पुस्तकातलं काही बदलत नाही, असं मला वाटतं. पण रस्त्यावरचा प्रत्येक अधिकारी तसंच समजेल याची हमी मी देऊ शकत नाही. रंग बदलणार असाल तर आरटीओत नोंद करावीच लागते. सायलेन्सरला हात लावू नका. किटबरोबर पुढे लोखंडी गार्ड तर मुळीच नको. अशा गार्डांवर कारवाई करायला केंद्राने राज्यांना डिसेंबर 2017 मध्येच सांगितलंय.

विमा कंपनीला ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या "चालेल सर" ला क्लेमच्या वेळी काही किंमत नसते. किटची किंमत पॉलिसीत वाढवून घ्या, थोडा प्रीमियम जास्त जाईल. पॉलिसीत झीरो डेप्रिसिएशनचं कव्हर नसेल तर प्लास्टिकच्या भागांवर सरसकट 50 टक्के घसारा कापतात, म्हणजे 82,000 च्या बंपरचे निम्मे तुमच्याच खिशातून. आणि न कळवता लावलात, तर सर्व्हेअर भारतातल्या साध्या बंपरच्या किमतीपलीकडे जाणार नाही. त्याचं चुकतंय असंही म्हणता येणार नाही.

जुना बंपर, फोम, ग्रिल, ब्रॅकेट, काहीही भंगारात देऊ नका आणि गॅरेजवाल्याकडेही सोडून येऊ नका. गाडी विकताना गिऱ्हाईक साधी गाडी मागतं, आणि किट वेगळं विकलं तर त्याचे जास्त येतात. क्लिपा एका डब्यात, डब्यावर नाव. बंपर गच्चीवर उन्हात उभा करून ठेवू नका, वाकतो. माळ्यावर जागा नसेल तर भिंतीला दोन रुंद पट्ट्यांवर, मूळ आकारात टांगा.